गोजरबाईच्या घरातलं पाणी

मच्छिंद्रच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर अकरा खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेका बंद घराची चावी. मालक कुणी पुण्यात, कुणी संभाजीनगरात, एक तर पार सुरतेला. गावाकडं आपलं घर असावं म्हणून त्यांनी बांधलेली ही घरं. दिवाळीत नाहीतर मे महिन्यात चार दिवस येऊन राहायचं, बाकी वर्षभर कुलूप. मच्छिंद्रची बायको दैवशाला सकाळी देवाला हळदकुंकू वाहताना एक बोट त्या फळीलाही लावायची. "लोकाची घरं हायेत," म्हणायची, "आपल्यापाशी झोपल्यात."

झोपणं हा शब्द मुळात मच्छिंद्रचाच. सुट्टी संपवून एखादं कुटुंब गेलं की तो पान्हा, चिंध्यांची पिशवी आणि गोडेतेलाची बाटली घेऊन निघायचा. कुठं चाललात असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "घर झोपवून येतो."

वय त्रेसष्ट. त्यातली वीस वर्षं हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर गेली होती. वाटूरच्या आसपासच्या गावांत असा हातपंप नसेल, ज्याचे पाइप त्यानं वर ओढून काढले नाहीत. भुईच्या पोटात पाणी कुठं असतं आणि तिथं बसून ते काय करतं, हे त्याला कळायचं. माणसांचं मात्र तितकंसं कळायचं नाही. चारचौघांत तो बोलायचा नाही, आणि कुणाला न्हाई म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. गाडी बंद पडली तसा तो नळफिटर झाला आणि पुढं या बंद घरांचा राखणदार.

घर झोपवायची त्याची एक ठरलेली रीत होती. आधी गेटजवळचा मेन कॉक बंद करायचा, म्हणजे गावच्या योजनेचं पाणी आत येणं थांबलं. मग गच्चीवरची टाकी मोकळी करायची. घरातले सगळे नळ सोडून ठेवायचे आणि सायकलीच्या पंपानं लाइनीत हवा मारायची, म्हणजे पाइपाच्या वळणावरल्या एल्बोत अडकलेलं घोटभर पाणीसुद्धा खाकरत बाहेर यायचं. मोरीच्या जाळीत चमचाभर तेल टाकायचं, म्हणजे तळाचं पाणी उडत नाही आणि गटाराचा वास घरात शिरत नाही. वर चिंधीचा बोळा. शेवटी माठ, घागरी, रांजण रिकामे करून पालथे घालायचे. मग दार ओढून तो क्षणभर कान लावून उभा राहायचा. आतून काहीच ऐकू आलं नाही, की कुलूप.

ही रीत तो दोन गोष्टींमधून शिकला होता. पहिली गोष्ट हसण्यावारी गेली. गावातल्या मास्तरांची मुलगी मीना कॅनडात राहते. तिनं फोनवर बापाला सांगितलं, "बाबा, सुट्टीला गेलो आणि नळातलं पाणी काढायचं राहिलं. त्याचा बर्फ झाला अन् भिंतीतला नळ फुटला. तुम्हीबी घर बंद करताना पाणी काढत जा." मास्तरांनी ते ओट्यावर सगळ्यांना सांगितलं. लोक पोट धरधरून हसले. बेचाळीस डिग्री उन्हाच्या गावात म्हणे नळात बर्फ! मच्छिंद्रही हसला.

दुसऱ्या गोष्टीला कुणी हसलं नाही. फाट्यावरचं एक घर पाच महिने बंद होतं. त्याचे नळ मच्छिंद्रनं नुसते पिळून बंद केले होते. पण ही भुई काळी. उन्हाळ्यात वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगेनं फरशीखालचा पाइप ओढून तोडला. पाणी खालच्या खाली मुरत गेलं. आणि काळी भुई भिजली की फुगते; ती घर उचलते, वाकवते, आणि वरून बघणाऱ्याला महिनोन्‌महिने पत्ता लागू देत नाही. मालक आले तर आतलं दार उघडेना. मच्छिंद्रचा दोस्त नजीर मिस्त्री तिथंच होता. त्यानं खांदा लावून दार ढकललं, आणि दारावरची भिंत त्याच्या अंगावर आली. जीव वाचला, पण डावा पाय कायमचा आखूड झाला.

त्या दिवशी मच्छिंद्रला मीनाचं बोलणं आठवलं. तिकडं बर्फानं फुटतो, इकडं भुईनं. तेव्हापासून कुठल्याही घरात पाणी कोंडून निघायचं नाही, हे त्यानं मनाशी बांधून घेतलं. बारा वर्षं पाळलं. यंदा मोडलं, ते गोजरबाईसाठी.

गोजरबाई शहात्तर वर्षांची. मुलगा राधेश्याम पुण्यात. गावाच्या कडेला त्यानं आईबापासाठी चार खोल्यांचं घर बांधलं, बांधणारा नजीरच. बाप आठ वर्षांपूर्वी त्याच घरात, मधल्या खोलीत वारला. तेव्हापासून गोजरबाई दिवाळी ते संक्रांत इथं राहायची, मग राधेश्याम गाडी घेऊन यायचा आणि तिला पुण्याला न्यायचा. ती गेल्यावर मच्छिंद्र घर झोपवायचा. तो काय करतो ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

यंदा संक्रांतीनंतर गाडीला उशीर झाला. दुपार कलायला लागली. आपल्याला दुसरंही एक घर उरकायचंय म्हणून मच्छिंद्रनं, गोजरबाई अंगणात गाठोड्यांजवळ बसलेली असतानाच, टाकीचा कॉक सोडला. गच्चीवरनं पाण्याची धार गटारात पडायला लागली. त्यानं स्वयंपाकघरातला रांजण कलंडला, माठ पालथा घातला. मागं वळून बघतो तर गोजरबाई दारात.

"काय करून राह्यलास?"

"पाणी काढून राह्यलो, काकू. घर बंद करायचं म्हणून."

ती रांजणाकडं बघत राहिली. बोलली ते अगदी हळू. "ह्यांच्या वक्ताला तूच आल्तास ना टाकी मोकळी कराया?"

तोच आला होता. घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत. घागर, माठ, रांजण सगळं ओतून देतात, नवं पाणी भरतात. आठ वर्षांपूर्वी गोजरबाईचा नवरा ओट्यावर निजवलेला असताना मच्छिंद्रनं गच्चीवर चढून टाकीचं पाणी सोडलं होतं. अशीच धार, असाच गटारात आवाज.

"मी अजून जिती हाय, मच्छिंद्रा."

"काकू, तसं न्हाई. भुई..."

"भुईचं मला सांगू नको. मी दारातून पाय काढायच्या आधी माझ्या घरातलं पाणी ओतलंस तू. मंग मी परत येती व्हय? पुण्याला नेऊन सोडल्यावर मला कोण आणतंय? टाकी भर. रांजण भर. पाणी असलं तर घर वाट बघंल."

न्हाई म्हणायचं होतं. नजीरचा पाय डोळ्यांपुढं आला, फुगलेली फरशी आली. पण समोर गोजरबाईचे डोळे होते, आणि जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. त्यानं कॉक बंद केला, शेजाऱ्यांच्या बोअरची नळी लावून टाकी भरली. उन्हाळ्यात पाणी उडून जाईल म्हणून गेटजवळचा मेन कॉकही उघडा ठेवला. योजनेचं पाणी चौथ्या दिवशी येतं, तेव्हा टाकी आपोआप भरत राहील. गोजरबाईनं आपल्या हातानं रांजणावर झाकण ठेवलं. गाडी आली. जाताना ती काचेतून घराकडंच बघत होती.

आठ दिवसांनी पलीकडच्या गल्लीतल्या केशरबाई सुरतेला निघाल्या. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं. "गोजरबाईचं राहू दिलं, अन् आमचंच ओततो व्हय रे?" म्हणाल्या. एकदा हो म्हटलं की दुसऱ्यांदा न्हाई म्हणणं आणखीच जड. त्यांचीही टाकी भरलेली आणि मेन कॉक उघडा राहिला.

माघ गेला, शिमगा झाला. मच्छिंद्र दर चार दिवसांनी गोजरबाईच्या घरावरून सायकलनं जायचा. आत जायचा नाही. मालक नसताना घर उघडलं की गाव तोंड वाजवतं, ही एक गोष्ट. आणि खरी गोष्ट अशी, की त्याला भीती वाटायची.

मार्च संपता संपता रान सगळं पिवळं पडलं. कपाशीच्या पळाट्या उपटून झाल्या होत्या, बांधावर काडी हिरवी राहिली नव्हती. आणि गोजरबाईच्या घराच्या मागच्या भिंतीलगत हरळी हिरवीगार उगवलेली. सुतळी धरून पेरावी तशी पट्टी, मोरीपासून मधल्या खोलीच्या कोपऱ्यापर्यंत. मच्छिंद्र सायकलवर एक पाय टेकवून बघत राहिला. शेजारच्यांचं धुण्याचं पाणी येत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

पुढच्या खेपेला जोत्याच्या फटीतून लाल मुंग्यांची रांग बाहेर निघाली होती, तोंडात पांढरी अंडी धरून. मुंग्या बिऱ्हाड हलवत होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला एक कुत्रं जोत्याशी खड्डा उकरून भरदुपारी त्यात गारव्याला पडलं होतं. मच्छिंद्रला पाहून ते उठलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर तो जेवला नाही. दैवशालानं ताट परत नेलं, मग पदर खोचून समोर येऊन बसली.

"काय झालंय?"

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणून पंधरा दिस झाले. फळीवरल्या एकाच चावीकडं बघत बसताय. जाऊन बघून तर या. बघितल्यानं काय व्हायचं ते थोडंच वाढतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. बाहेरचं दार उघडलं. आतला वास त्याला ओळखीचा होता. हातपंपाचा पाइप वर ओढल्यावर येतो तो, भुईच्या पोटातला. स्वयंपाकघर ठीक होतं. रांजण काठोकाठ. मधल्या खोलीचं दार त्यानं लोटलं, ते हललं नाही. पुन्हा लोटायला हात गेला आणि आपोआप मागं आला. नजीरनं असाच खांदा लावला होता.

तो बाहेरून खिडकीशी गेला, झडप ओढून आत डोकावला. फरशी मधोमध उचलली होती, गोधडीखाली कुणी पाय पोटाशी घेऊन निजावं तशी. मोरीकडच्या भिंतीला खालच्या कोपऱ्यापासून वर माळ्यापर्यंत तिरपी भेग. माळ्यावर गोजरबाईची पितळी भांडी, नवऱ्याची ट्रंक. भिंतीशी खाली तिच्या लग्नातला पितळी हंडा.

त्या दिवशी पाण्याची पाळी होती. तो उभा असतानाच गेटच्या नळाला पाणी आलं, आणि फरशीखालून आवाज सुरू झाला. अगदी बारीक, दूध उतू जाण्याआधी करतं तसा. घर ऐकत उभं होतं, आणि मच्छिंद्रही.

त्यानं धावत जाऊन मेन कॉक बंद केला. टाकी सोडली. रांजणातलं पाणी उपसून अंगणात ओतलं. मग नजीरला फोन लावला.

नजीर लंगडत आला. आत गेला नाही. खिडकीतून एक डोळा मिटून भिंत न्याहाळत बराच वेळ उभा राहिला. मग बिडी पेटवली.

"पोट आलं भिंतीला."

"पाणी बंद केलं मी. आता सुकंल ना?"

"सुकंल. तेच तर डेंजर हाय, मच्छिंदर. फुगताना भुई भिंतीला खांदा देते. सुकताना खांदा काढून घेते. आत्ता ही उभी हाय ती सवयीनं. चार इंची भिंत, वरून माळ्याचा बोजा." त्यानं धूर सोडला. "मी राधेश्यामला तेव्हाच बोलल्तो, पाया मुरमापर्यंत ने. बोलला, मिस्त्री, जल्दी करा, आईला दिवाळी नव्या घरात करायची हाय. घ्या आता दिवाळी."

"काय करावं?"

"मालकाला फोन कर. माळा उतरवू, भिंत आपल्या हातानं पाडू. दुसऱ्याच्या घरावर न विचारता घन कसा घालू मी? उद्या मलाच बोलंल."

"अन् तवर?"

नजीर घरी जाऊन आरशाच्या तुकड्यातून कापलेल्या बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या घेऊन आला. मोरीकडच्या दारातून एक पाऊल आत टाकून, जिथून एका उडीत बाहेर निघता येईल अशा जागी उभं राहून, त्यानं भेगेवर एक पट्टी आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली. "भिंत केसाएवढी हलली तरी काच तुटंल. माणूस खोटं बोलंल, काच न्हाई बोलणार." बोलताना तो मच्छिंद्रकडं बघत नव्हता. मच्छिंद्रला मात्र ते आपल्यालाच बोलल्यासारखं वाटलं.

पहिली काच दोन दिवसांत तुटली. तिच्या जागी लावलेली दुसरी पाच दिवसांत. मग तिसरी लावली.

राधेश्यामला फोन लावायला मच्छिंद्रनं तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. चौथ्या वेळी राधेश्यामचाच फोन आला.

"काका, अक्षय तृतीयेला आईला आणतोय. तिला बाबांच्या नावानं पाणी द्यायचंय, तिथंच द्यायचंय, ऐकतच नाही. घर बरोबर आहे ना?"

"हां."

"तिला सांगू नका, पण मी गिऱ्हाईक बघून राह्यलोय. एवढ्या वयाची बाई तिथं एकटी, मला पुण्यात झोप लागत नाही. घर उभं आहे तोवर हट्ट सोडायची नाही ती. खरं सांगू? घरात एखादी खोट निघाली तर बरंच होईल. दुसऱ्या दिवशी विकून टाकीन, आईला पुन्हा तिकडं पाठवणार नाही. आहे का काही?"

फोन कानाला लावून मच्छिंद्र फळीकडं बघत होता. हो म्हटलं तर गोजरबाई या गावाला कायमची तुटली. नाही म्हटलं तर ती येणार, त्या घरात शिरणार, आणि नवरा जिथं गेला त्या खोलीत, त्या भिंतीखाली बसून पाण्याचा करा भरणार. गोजरबाईजवळ स्वतःचा फोन नव्हता. तिच्याशी बोलायचं तर मुलाच्याच फोनवरून.

"न्हाई," तो म्हणाला. "काही न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा जीभ पटकन सुटली, आणि तीही खोटं बोलायला.

नजीरनं ऐकलं तेव्हा बिडी फेकून दिली. "येडा झालास काय? मेली म्हणजे?"

"आत जाऊ देणार न्हाई मी तिला."

"तू? तू अडवणार? अरे, तुझ्याच्यानं शेजारची शेळी दारातून हाकलली जात न्हाई!"

अक्षय तृतीयेच्या सकाळी दैवशालानं गोजरबाईच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकली, तीन दगडांची चूल मांडली, आंब्याचा रस केला, पोळ्या लाटल्या. तिसरी काच शाबूत होती. मच्छिंद्रनं ती खिडकीतून पहाटेपासून चारदा पाहिली होती. नऊ दिवस झाले होते. लिंबाखाली येऊन बसलेला नजीर म्हणाला, नऊ दिवस म्हणजे काहीच नाही.

अकराला गाडी आली. राधेश्यामनं आईला उतरवलं, जालन्याला कागदांचं काम आहे, संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला आणि घाईत निघून गेला. गोजरबाई वाळली होती. तिनं लिंबाला हात लावला, चुलीकडं पाहिलं.

"बाहेर का गं मांडलंस?"

"आत धूळ लई हाय, काकू," दैवशाला म्हणाली. "इथं वारं बरं लागतंय."

पान वाढून झालं, नव्या मातीच्या कऱ्यात पाणी ओतायला दैवशालानं घागर उचलली, तेव्हा तिनं हात आडवा घातला.

"हे पाणी कुठलं?"

"आमच्या घरचं."

"ह्यांना लोकाच्या घरचं पाणी देऊ व्हय? आपल्या टाकीतलं आण."

चुलीत एक काडी तडकली. मच्छिंद्र उठून उभा राहिला.

"टाकीत पाणी न्हाई, काकू. मी ओतलं. रांजणबी ओतला."

मग त्यानं सगळं सांगितलं. हरळी, मुंग्या, फरशीखालचा आवाज, भिंतीचं पोट. एवढं सलग तो कधी कुणाशी बोलला नसेल. राधेश्यामच्या गिऱ्हाइकाचं मात्र सांगितलं नाही. गोजरबाई खाली मान घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चावी दे."

"काकू..."

"माझा हंडा आत हाय. नळाला पाणी आलं की भरते, अन् मधल्या खोलीत ठेवते. एक हंडा पाण्यानं काही भुई फुगत न्हाई. दे चावी."

"न्हाई."

नजीरनं बिडी पेटवता पेटवता मान वर केली. दैवशालाचा पळी धरलेला हात थांबला.

"काय म्हणलास?"

"चावी देणार न्हाई. तुमी आत जायचं न्हाई."

"अस्सं." गोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "घर माझं, अन् चावी तुझ्या खिशात. राधेश्यामनं पढवलं तुला. म्हातारीला बाहेरूनच पाया पडून परत पाठवा, म्हणजे विकाया मोकळे. गिऱ्हाईक मला ठाव न्हाई वाटलं? भिंतीला कान असतील नसतील, त्याच्या बायकोला आवाज हाय! अन् तू, मच्छिंद्रा, तू ह्यांना खांदा दिल्तास. लाज वाटू दे."

मच्छिंद्रचा चेहरा पार उतरला. पण हात खिशावरून हलला नाही.

"चाचीजी," नजीर म्हणाला, "भिंत मी बांधलेली. मी सांगतो, तिच्याखाली मी माझी बकरीबी बांधणार न्हाई. हा पाय बघा."

"तुझा पाय मोडला तवा सहा महिने मी जेवायला घातलंय तुला, मला काय दाखवतोस?" ती तरातरा खिडकीकडं गेली. गजांना धरून आत डोकावली. दोघंही तिच्या मागं धावले.

आत काही हलत नव्हतं. उन्हाची तिरीप भेगेवर पडली होती आणि काचेची पट्टी चमकत होती. खाली कोपऱ्यात हंडा, धुळीनं माखलेला, तोंड वर करून.

"ही काय तुमची काच? शाबूत तर हाय," गोजरबाई म्हणाली. "दोन पावलांवर तर हंडा..."

टक.

इतका बारीक आवाज, बांगडी पिचावी तसा. पट्टीचे दोन तुकडे झाले. एक तसाच चिकटून राहिला, दुसरा खाली पडला. नजीरनं गोजरबाईच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं. मच्छिंद्रनं दुसरा दंड धरला. लिंबापर्यंत पोचायच्या आतच मागं भुईतून कण्हल्यासारखं झालं, आणि मग सगळं एकदम. विटा, माळा, ट्रंक, भांडी. पितळेचा आवाज सगळ्यांत शेवटी आला, घरंगळत घरंगळत, आणि थांबला. खिडकीतून धुळीचा लोट बाहेर पडला. दाराखालच्या फटीतूनही धूळ येत होती, सावकाश, कुणी आतून फुंकर घालावी तशी.

लिंबावरचे कावळे ओरडत उठले.

गोजरबाई सतरंजीवर बसली. तिची नजर मच्छिंद्रच्या मुठीवर होती. चावी त्यानं खिशातून काढून इतकी घट्ट आवळली होती, की तळहातातून रक्त आलं होतं.

"हंडा चेपला असंल," ती म्हणाली.

"ठोकून देईल कुणीबी," नजीर म्हणाला.

"आता राधेश्यामचं गिऱ्हाईक काय म्हणंल रे?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावला. दैवशाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग गोजरबाईनंच घागर ओढली, दैवशालाच्या घरचं पाणी कऱ्यात ओतलं, आणि करा लिंबाच्या बुंध्याशी ठेवला. "घ्या," ती झाडाकडं बघून म्हणाली. "हितंच घ्या आता." मग पेला भरून मच्छिंद्रपुढं धरला. "पी. तोंड बघ कसं झालंय. संध्याकाळी त्याला मी सांगते काय सांगायचं ते. तू मधी बोलू नको."

मच्छिंद्रनं पेला हातात घेतला. पाण्याकडं बघितलं, आणि तो तसाच थांबला.

आजही पाळीचा दिवस होता. गेटच्या नळाला आत्ताच पाणी आलं होतं. बंद कॉकापर्यंत येऊन ते आतल्या आत सूं सूं करत होतं. इथं ते थांबलं होतं. पलीकडच्या गल्लीत थांबलं नव्हतं. तिथं कॉक केशरबाई गेल्यापासून उघडा होता, टाकी भरलेली होती, आणि गोजरबाईच्या घराच्या घोरात त्या घराच्या भिंतीमागं तो एकदाही गेला नव्हता. केशरबाई मुलाबाळांना घेऊन परवाच्या गाडीनं यायच्या होत्या.

त्यानं पेला खाली ठेवला.

"कुठं चाललास?" नजीरनं विचारलं.

"घरी. केशरबाईची चावी काढायला."

नजीरनं त्याच्याकडं पाहिलं. लिंबाला टेकवलेली काठी घेतली आणि कमरेवर हात देत उठला.

"थांब. घरून आरशाचा उरलेला तुकडा घेतो."

दोघं रस्त्याला लागले. ऊन इतकं होतं की गल्लीत माणूस नव्हतं. वळणावर मच्छिंद्रची पावलं मंदावली. केशरबाईच्या घराचं मागचं जोतं दिसायला लागलं होतं, आणि त्याच्या कडेनं काहीतरी हिरवं.